आठशे गळे आणि एक नाव

सोप्रानो २५०, आल्टो १६०, टेनर १८०, बास २५०. शिवाय १६ चेलो, १६ डबल बास आणि व्हायोलिनच्या रांगाच रांगा. १३ मार्च १८८४ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आपल्यापुढे किती माणसे उभी होती, याचा हिशेब आंतोनिन द्वोर्झाकने मायदेशी पत्रातून कळवला. वाण्याची यादी वाचून दाखवावी, तसा. बोहेमियातल्या नेलाहोझेवेस या खेड्यातल्या खाटकाचा हा मुलगा तेव्हा ४२ वर्षांचा होता. सात-आठ वर्षांपूर्वी प्राग सोडले तर त्याला फारसे कुणी ओळखत नव्हते. त्या दिवशी त्याने स्वतःचे ‘स्टाबाट माटेर’ सादर केले. क्रुसाखाली उभ्या राहिलेल्या मरियेचा शोक सांगणारी ही लॅटिन प्रार्थना. त्यानंतर इंग्लंडने त्याला सोडले नाही. १८९६ पर्यंत तो नऊ वेळा तिथे गेला, १८९१ मध्ये केंब्रिजने त्याला मानद डॉक्टरेट दिली आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कने त्याला आपल्या संगीतशाळेचा संचालक म्हणून बोलावून घेतले.

धार्मिक समूहगानाच्या जोरावर एखादा संगीतकार जगभर पोचतो, तो कसा? आणि ज्या मुलखात शेकडो माणसे एका वीणेमागे तासन्‌तास गात चालतात, तिथून असा एखादा संगीतकार जगापुढे का आला नाही? की आला, आणि आपल्यालाच त्याचे नाव ठाऊक नाही?

हा प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरात बसून विचारायला विशेष कारण आहे. द्वोर्झाकला ज्यांनी मोठे केले ती शहरे दरबारी नव्हती, कारखान्यांची होती. लीड्स लोकरीचे, बर्मिंगहॅम धातुकामाचे, हडर्सफिल्ड गिरण्यांचे. हडर्सफिल्डचा गायकसंघ १८३६ पासूनचा. बर्मिंगहॅमचा त्रैवार्षिक संगीत महोत्सव तर मुळात तिथल्या सार्वजनिक रुग्णालयाला पैसा उभा करण्यासाठी सुरू झाला होता. दिवसभर मागावर किंवा भट्टीपाशी राबणारी माणसे संध्याकाळी एकत्र जमून हँडेल गात. वारणाकाठच्या माणसाला हे चित्र परके वाटायला नको. साखर कारखाना, मग दूध संघ, बझार, शाळा-कॉलेज आणि त्याच ओघात शाळकरी मुलांचा वाद्यवृंद, हा तात्यासाहेब कोऱ्यांच्या वारणेचा क्रम आहे. ऊसवाल्यांच्या पोरांच्या हातात व्हायोलिन आणि मेंडोलिन देणे ही कल्पना त्या काळात अनेकांना चैन वाटली असेल. यॉर्कशरच्या गिरणीमालकांना ती तशी वाटली नसती. आणि वारणानगरच्या अगदी शेजारी कोडोलीत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे जुने ठाणे, तिथले चर्च आणि दवाखाना. म्हणजे टाळ-मृदंगाचे भजन, मुलांचा वाद्यवृंद आणि चर्चमधली समूहप्रार्थना, तिन्ही दोन-चार किलोमीटरच्या आत. तरीही या तिघांनी मिळून काही केले, असे ऐकिवात नाही.

आधी द्वोर्झाककडे नीट पाहू, कारण त्याच्याविषयी जी गोष्ट सर्रास सांगितली जाते ती अर्धीच खरी आहे. गोष्ट अशी: १८७५ मध्ये त्याची मुलगी योसेफा जन्मल्यावर दोनच दिवसांत गेली. १८७७ च्या ऑगस्टमध्ये रुझेना आणि सप्टेंबरमध्ये ओटाकार, अशी आणखी दोन मुले गेली. ओटाकार गेला तो बापाच्या वाढदिवशीच. घर रिकामे झाले आणि त्या दुःखातून ‘स्टाबाट माटेर’ जन्मले. यातल्या मृत्यूंविषयी शंका नाही. पण या रचनेचा पियानोच्या साथीचा सात भागांचा खर्डा १८७६ मध्येच तयार होता, म्हणजे रुझेना आणि ओटाकार जाण्याच्या आधीच. पुढे १८७७ च्या शरदात त्याने तो बाहेर काढला, तीन भाग वाढवले आणि वाद्यवृंदासाठी पूर्ण केला. दुःखाने त्याला ते पूर्ण करायला लावले, हे मान्य. पण चर्चसाठी लिहिण्याची सवय आणि कसब त्याच्या अंगी आधीपासून होते. १८७४ ते १८७७ या काळात तो प्रागच्या सेंट व्होयटेख चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होता आणि त्याआधी नाट्यगृहात वर्षानुवर्षे व्हायोला. बोहेमियात गावचा शाळामास्तरच चर्चचा गायनमास्तर असे, मुलांना मुळाक्षरांबरोबर सूर वाचायलाही शिकवी. झ्लोनित्से गावात असाच एक मास्तर, आंतोनिन लीमान, द्वोर्झाकला लाभला. प्रागमध्ये त्याचे नाव प्रथम झाले तेही समूहगानानेच, १८७३ मध्ये, देशभक्तीच्या एका स्तोत्राने.

आता त्या रचनेची सुरुवात ऐकू. वाद्यवृंद सुरू होतो तो एकाच सुरावर. रचना बी मायनरमध्ये, म्हणजे षड्ज बी आणि वाजतो आहे एफ शार्प, अर्थात पंचम. खालच्या सप्तकात, मधल्या, वरच्या, पुन्हा त्याहून वरच्या. नुसता पंचम. आपल्याकडे तानपुऱ्यावर पंचमाची तार छेडली की लगेच षड्ज त्याला आधार देतो. इथे तो आधार येतच नाही आणि ऐकणाऱ्याचे पाऊल अधांतरी राहते. मग वरून एक ओळ खाली उतरू लागते, अर्ध्या-अर्ध्या सुरांनी, शुद्ध आणि कोमल दोन्ही स्वरांवर पाय देत. गायक येतात ते बरेच नंतर, आणि येतात तेही दबक्या आवाजात. कवितेची पहिली चारच कडवी गायला वीसेक मिनिटे लागतात. एका अभंगावर तास काढणाऱ्या कीर्तनकाराला यात नवल वाटणार नाही. दीड तासाने, दहाव्या भागात, तीच सुरुवात पुन्हा येते, पण या वेळी रचना बी मायनरमधून डी मेजरमध्ये जाते. म्हणजे ज्याला इतका वेळ कोमल गंधार म्हणत होतो तोच षड्ज होऊन बसतो. मूर्च्छना पालटावी तसे. स्वर तेच, घर बदलले. माझ्या मते द्वोर्झाकच्या कीर्तीचे रहस्य शोधायचे तर ते या जागेपाशी शोधावे, मुलांच्या मृत्यूपाशी नव्हे.

पण नुसत्या गुणावर कुणी अल्बर्ट हॉलपर्यंत पोचत नाही. १८८० मध्ये प्रागला पहिला प्रयोग झाला, १८८२ मध्ये ब्रनो इथे तरुण यानाचेकने तो बसवला, १८८३ मध्ये तो लंडनला पोचला. त्याआधीच ब्राम्सच्या शिफारशीने बर्लिनचा प्रकाशक झिमरॉक याने द्वोर्झाकच्या ‘स्लाव्हिक नृत्यां’ना बाजारात आणले होते आणि ती घरोघरच्या पियानोवर वाजू लागली होती. झिमरॉकला आणखी नृत्येच हवी होती. छोटी, खपणारी. लंडनच्या नोव्हेलो या प्रकाशन कंपनीला नेमके उलटे हवे होते: मोठी, चर्चला शोभणारी, शेकडो जणांनी गायची रचना. कारण नोव्हेलोचा धंदाच तो होता. १८४० च्या दशकापासून या कंपनीने गायकांसाठीच्या स्वरपुस्तिका लहान आकारात आणि मजुराच्या खिशाला परवडतील अशा किमतीत छापायला सुरुवात केली. त्याच सुमारास जॉन कर्वेनने सोल-फा पद्धत पसरवली. पाच रेघांवरचे ठिपके न वाचता सा-रे-ग-म सारख्या अक्षरांवरून गाता येईल, अशी ती सोय. मागावरची बाई आठवड्यातून एकदा तालमीला जाऊन वर्षात चार आवाजांत गाऊ शके. बर्मिंगहॅम किंवा लीड्सच्या महोत्सवाने नवी रचना मागवली की तिच्या शेकडो प्रती लगेच खपत आणि पुढच्या हंगामात वीस गावांचे गायकसंघ तीच रचना बसवत. प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावर संगीतकाराचे नाव ठळक छापलेले.

त्या नावावरूनही वाद झाला. झिमरॉक पानावर जर्मन वळणाचे ‘आंटोन’ छापू पाही, द्वोर्झाक ‘आंतोनिन’ साठी अडून बसे, आणि शेवटी ‘आंट.’ वर तडजोड झाली. बेळगाव-निपाणीकडच्या वाचकाला यात काही समजावून सांगायला नको.

या व्यवस्थेची किंमतही होती. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये वूस्टरच्या कॅथेड्रलमध्ये ‘स्टाबाट माटेर’ झाले तेव्हा व्हायोलिनवाल्यांत २७ वर्षांचा एडवर्ड एल्गार बसला होता. पुढे इंग्लिश समूहसंगीताला त्याने जे दिले त्याच्या मुळाशी हा प्रयोग काही अंशी असणार. पण खुद्द द्वोर्झाकला १८८६ मध्ये लीड्ससाठी लिहिलेले ‘सेंट लुडमिला’ तितके साधले नाही. बोहेमियाच्या पहिल्या ख्रिस्ती ड्यूकच्या पत्नीची कथा, विषय आपल्या घरचा, आणि मांडणी मात्र हँडेल-मेंडेल्सोनच्या चाहत्यांना रुचावी अशी. त्यात सुंदर जागा आहेत, पण मागणीबरहुकूम केलेल्या दागिन्यासारखे ते जड झाले आहे. १८९१ च्या बर्मिंगहॅमसाठीचे ‘रेक्विएम’ पुन्हा वरच्या पायरीचे. १८८७ मध्ये एका मित्राच्या लुझानी इथल्या खासगी चर्चसाठी लिहिलेला डी मेजरमधला मास तर मला या सगळ्यांत जवळचा वाटतो. ना महोत्सव, ना आठशे गळे. ऑर्गन आणि गावचे गायक, एवढ्यावर भागणारा.

आता आपल्याकडे. वारकरी भजनात समूह आहे, शिस्त आहे आणि विभागणीही आहे. वीणेकरी मध्ये, टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर, चाल म्हणणारे दोघे-चौघे. त्यांनी चरण म्हणायचा, मग एका रांगेने ध्रुवपद उचलायचे, ते टाकताच दुसरीने. व्हेनिसच्या सेंट मार्कमध्ये दोन सज्ज्यांत दोन गायकवृंद उभे करून जे साधले जाई, त्याच जातीचा हा व्यवहार. नाही ते एकाच वेळी वेगवेगळे सूर लावणे. सगळे एकच चाल गातात, कुणी खर्जात, कुणी वरच्या सप्तकात. आणि चाल कुणाची, हे विचारायची रीत नाही. अभंगाच्या शेवटी संताच्या नावाची मुद्रा असते. चाल परंपरेची. ही उणीव आहे असे मी म्हणणार नाही. ज्याने त्याने आपले नाव चालीला चिकटवले असते तर पंढरीची वाट एव्हाना वादावादीतच अडली असती. पण कीर्तीचा हिशेब मांडायचा तर इथेच पहिला फाटा फुटतो.

तो फाटा बुजवू पाहणारा पहिला मोठा माणूस कोल्हापूरच्या अंगणातलाच. विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ मध्ये कुरुंदवाडला जन्मले, लहानपणी फटाक्याने दृष्टी अधू झाली, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांनी स्वतःची स्वरलिपी केली, ‘संगीत बालप्रकाश’सारखी पुस्तके छापली, पोराटोरांना रांगेत बसवून एकत्र गायला लावले. कर्वेन आणि नोव्हेलो या दोघांचे काम एकट्याने अंगावर घेतल्यासारखे. मैफलीतल्या खाँसाहेबांना त्यात कसले आले संगीत, असे वाटत असे. पण त्यातून काय निघाले पाहा. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमती आश्रमात गेले, आश्रमाच्या प्रार्थनेची घडी त्यांनी बसवली, १९३० मध्ये दांडीच्या वाटेवर ते गांधीजींबरोबर होते. ‘रघुपति राघव’ची आज सगळीकडे ऐकू येणारी चाल पलुस्करांची म्हणून ओळखली जाते. ती पुढे अमेरिकेत पीट सीगरने गायली. आपल्या देशातल्या प्रार्थनेची जगाला ठाऊक असलेली एखादी चाल सांगा म्हटले तर पुष्कळ जण हीच सांगतील आणि कुरुंदवाडचे नाव त्यात कुठे येणार नाही. ती ‘गांधींची प्रार्थना’ झाली.

चर्चच्या बाजूला काय घडले? मिझोराममध्ये मिशनऱ्यांनी सोल-फा नेले आणि आज तिथे साधा चर्चकर चार आवाजांत गातो. मराठी ख्रिस्ती समाजाने वेगळी वाट धरली. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनांनी उपासना मराठी केली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या चित्पावन कवीला तुकोबांचा हात सोडायचा नव्हता. टिळकांची काही पदे निकोल मॅकनिकल यांच्या इंग्रजी अनुवादातून स्कॉटलंड-अमेरिकेच्या उपासनापुस्तकांत गेली. शब्द गेले, चाल इथेच राहिली. आपल्या मातीतले भजन चर्चमध्ये आणण्याचा टिळकांचा निर्णय मला योग्यच वाटतो. पण त्यामुळे चार आवाजांच्या गायनाची जी शाळा चर्चने घातली असती, ती मराठी मुलखात म्हणावी तशी भरली नाही.

ती भरली गोव्यात. सोळाव्या शतकापासून चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना सोल्फेज आणि व्हायोलिन शिकवले जाई. शिकवणारा चर्चचा मेस्त्रे. बोहेमियाच्या मास्तराचा तो सख्खा भाऊ म्हणावा. उपवासकाळात गायची लॅटिन आणि कोकणी मोतेत तिथल्याच मेस्त्रांनी रचली. १९६० च्या दशकातल्या व्हॅटिकनच्या सुधारणांनंतर उपासना कोकणीत आली, ‘गायनांचो झेलो’ हे पुस्तक घरोघरी गेले आणि फादर वास्को दो रेगो यांच्यासारख्यांनी त्यात मोठी भर घातली. पण गोव्याचे वादक पोटासाठी मुंबईला आले आणि त्यांचे ज्ञान सिनेमात मुरले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे ठळक उदाहरण. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९५८ मध्ये गोन्साल्विस यांनी स्वतःचा ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला, रागदारी आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणले, सेंट झेवियर्सच्या आवारात कार्यक्रम केला. टिकले नाही. महोत्सव नव्हता, छापखाना नव्हता, पाठीशी एखादे बर्मिंगहॅम नव्हते. लोकांना त्यांचे नाव ठाऊक आहे ते एका सिनेमातल्या विनोदी गाण्यामुळे. मुंबईतच व्हिक्टर परंज्योतींनी १९५६ मध्ये सुरू केलेला आणि १९६७ पासून कुमी वाडियांनी चालवलेला गायकवृंद युरोपात जाऊन आला. ते काम उच्च दर्जाचे होते, पण मराठी वस्तीच्या कानावर ते क्वचितच पडले.

सिनेमाकडे वळले की पुन्हा कोल्हापूर. प्रभात कंपनी १९२९ मध्ये इथेच निघाली आणि कुडाळजवळच्या सोनवड्याचा एक पोरगा पडेल ते काम करायला तिथे येऊन चिकटला. वसंत देसाई. पुढे प्रभात पुण्याला गेली. १९३६ च्या ‘संत तुकाराम’ला केशवराव भोळ्यांचे संगीत होते, पुढल्या वर्षी व्हेनिसमध्ये तो चित्रपट गौरवला गेला, पण त्या गौरवात भोळ्यांचे नाव कितीसे घेतले गेले? देसाईंच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. ‘अमर भूपाळी’ १९५२ च्या कानमध्ये स्पर्धेत होता, त्यातली पहाटेची भूपाळी आजही देवघरात वाजते. १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ला बर्लिनचे रौप्य अस्वल मिळाले. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या मुक्त कारागृहावरून सुचलेली ही कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि त्यातली ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ ही प्रार्थना शाळाशाळांत पोचली. मग ‘गुड्डी’तली ‘हमको मन की शक्ती देना’. दोन्ही चाली देसाईंच्या. दोन्ही नीट ऐकल्या तर कळते की समूहासाठी चाल बांधायची विद्या या माणसाला पक्की अवगत होती. पल्ला आवाक्यातला, उड्या कमी, श्वास घ्यायच्या जागा शब्दांच्या सोयीने, आणि तरीही चाल सपाट नाही. शाळकरी मुलांकडून समूहगीते बसवून घेण्याचा त्यांना आयुष्यभर नाद होता.

आणि २३ ऑक्टोबर १९६६. न्यूयॉर्क, संयुक्त राष्ट्रसंघ. एम. एस. सुब्बुलक्ष्मींनी तिथे ‘मैत्रीं भजत’ गायले. शब्द कांचीच्या शंकराचार्यांचे, चाल वसंत देसाईंची. विश्वशांतीची संस्कृत प्रार्थना, तीही साऱ्या राष्ट्रांच्या प्रतिनिधींसमोर. द्वोर्झाकच्या अल्बर्ट हॉलला तोडीस तोड असा आपल्याकडचा क्षण शोधायचा तर हाच. चेन्नईत हे गाणे लहान मुलालाही येते. कोकणातल्या माणसाने त्याला चाल लावली हे कोकणात किती जणांना माहीत आहे?

थोडक्यात, पलुस्कर, देसाई, भोळे यांच्या बाबतीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. चाल जगात जाते आणि तिच्यावर गाणाऱ्याचे, गाऊन घेणाऱ्या महात्म्याचे किंवा चित्रपटाचे नाव चढते. भीमसेन जोशींच्या अभंगांचे तेच. राम फाटकांच्या नावाची ओळख करून द्यावी लागते, भीमसेनांच्या नव्हे. यात कुणाचे कारस्थान नाही. जिथे संगीत कागदावरून पसरते तिथे कागदावरचे नाव पसरते. जिथे ते कानावरून पसरते तिथे गळा लक्षात राहतो.

या नियमाला एक भक्कम अपवाद आहे, आणि तोही कोल्हापूरचा. सुधीर फडके १९१९ मध्ये कोल्हापुरात जन्मले, तिथेच वामनराव पाध्यांकडे शिकले. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले, सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने. पुढच्या रामनवमीपर्यंत आठवड्याला एक अशी ५६ गाणी. माडगूळकरांचे शब्द, फडक्यांच्या चाली, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, लता मंगेशकर, ललिता फडके असे गळे. नेपथ्य नाही, वेश नाही, पात्रे आपापल्या तोंडून धर्मकथा गातात. युरोपात याच प्रकाराला ओरॅटोरिओ म्हणतात आणि हँडेलची बरीचशी कीर्ती त्यावर उभी आहे. पुढे हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू, संस्कृत, कोकणी अशा भाषांत ‘गीतरामायण’ गेले, बहुधा त्याच चालींवर. शब्द बदलूनही चाल तीच राहिली, म्हणजे संगीतकाराने बाजी मारली. पण फडक्यांचे नाव टिकले याचे मोठे कारण असे की पुढे गावोगाव आणि परदेशातही ते स्वतःच गायला बसले. संगीतकार आणि गळा एकच झाला. ओरॅटोरिओशी तुलना मात्र एका जागी अडते. ५६ गाण्यांत समूहाला खऱ्या अर्थाने काम देणारी गाणी थोडी. सेतू बांधणाऱ्या वानरांचे गाणे घ्या. तिथे चाल एकदम रुंद होते, ठेक्यात दगड वाहिल्याची लय येते, आणि वाटते की अयोध्येच्या नगरजनांना, लंकेच्या राक्षसांनाही असेच गायला मिळाले असते तर! हँडेलने अशी एकही संधी सोडली नसती. पुणे आकाशवाणीच्या स्टुडिओत आठवड्याच्या मुदतीत आठशे गळे आणायचे कुठून, हा प्रश्न आहेच.

सूर एकमेकांवर रचण्याला, म्हणजे हार्मनीला, रागसंगीत सोसते का, यावर आपल्याकडे पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. तमिळमध्ये इळैयराजांनी २००५ मध्ये माणिक्कवाचकरांच्या ‘तिरुवाचकम’वर बुडापेस्टचा वाद्यवृंद आणि गायकवृंद घेऊन अख्खी रचना केली आणि तो वाद आपल्यापुरता मिटवला. मराठीत ज्ञानेश्वरीवर किंवा हरिपाठावर तेवढ्या ताकदीचे काम अजून नाही. जवळ आलेले आहेत ते अजय-अतुल. २००१ च्या ‘विश्वविनायक’मध्ये गणपतीच्या स्तोत्रांना त्यांनी मोठा वाद्यमेळ आणि कोरस दिला, त्यात नवशिकेपणा आहे पण उमेदही आहे. २०१४ च्या ‘माऊली माऊली’त दिंडीचा गजर आणि कोरस इतका एकजीव झाला की वारीतच ते शिरले. २०१६ च्या ‘सैराट’साठी हे दोघे लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर पोचले. तिथल्या वादकांनी समोरचा कागद वाचून वाजवले. म्हणजे कागद आहे, चार आवाजांचे लेखन आहे. फक्त रेकॉर्डिंग संपल्यावर तो स्टुडिओच्या कपाटात जातो आणि गावाच्या हाती ट्रॅक येतो. नोव्हेलोचा धंदा बरोबर उलट होता. त्याच्याकडे ट्रॅक नव्हता, कागद होता, आणि तो कागद हडर्सफिल्डच्या गिरणीत पोचत होता.

वाद्ये धरणारी मुले वारणेने घडवली, गाणारी माणसे तर आधीपासूनच होती. त्यांच्यापुढे ठेवायला दोन-तीन आवाजांत लिहिलेला एखादा अभंग हवा, छापलेला, साध्या सरगममध्ये, वर चाल लावणाऱ्याचे नाव असलेला. इंग्लंड-अमेरिकेच्या उपासनापुस्तकात प्रत्येक गीतावर दोन नावे असतात: एका कोपऱ्यात शब्द कुणाचे, दुसऱ्यात चाल कुणाची. आपल्याकडच्या भजनी मंडळांच्या वह्या उघडल्या तर अभंगाच्या डोक्यावर बॉलपेनने एवढेच लिहिलेले सापडते: चाल – माऊली माऊली.